अनेक आलेख-विंडो उघड्या असताना कळ भलत्याच विंडोला का लागू होते : मॅटप्लॉटलिबमधील नेहमीच्या अडचणीचे निवारण

पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी वापरून एकाच प्रोग्रॅममधून तीन-चार आलेखांच्या स्वतंत्र विंडो उघडल्या आणि ते आलेख कळफलकावरून पुढे-मागे सरकवण्याची सोय केली, की काही तक्रारी हमखास येऊ लागतात. कळ एका विंडोत दाबली जाते आणि आलेख दुसऱ्याच विंडोतला बदलतो. कधी काहीच बदलत नाही. कधी एका दाबात आलेख दोन पायऱ्या पुढे जातो. सर्वांत त्रासाची गोष्ट ही, की तोच प्रोग्रॅम एकाच्या हाती नीट चालतो आणि शेजारी बसलेल्याच्या हाती चालत नाही. त्यामुळे दोष संगणकाचा आहे असे समजून मॅटप्लॉटलिब काढून पुन्हा बसवण्याचा खटाटोप केला जातो आणि दोष होता तिथेच राहतो. फंक्शनांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीतच टंकायची आहेत.

उदाहरणासाठी मराठवाड्याच्या पाण्याचा अभ्यास करणारा एक साधा प्रोग्रॅम घेऊ. पहिल्या विंडोत पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त जलसाठा आहे, ज्याची पूर्ण क्षमता २,१७१ दशलक्ष घनमीटर मानली जाते. दुसऱ्या विंडोत आठही जिल्ह्यांचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आहे आणि तिसऱ्या विंडोत निरीक्षण विहिरींतील भूजल पातळी आहे. डाव्या-उजव्या बाणाने वर्ष बदलावे आणि तिन्ही विंडो एकाच वर्षावर याव्यात, एवढीच अपेक्षा आहे. ती पूर्ण झाली नाही तर होणारे नुकसान गैरसोयीपुरते राहत नाही. २०१५ चा पाऊस फार तुटीचा होता आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतरचा २०१६ चा पावसाळा मात्र बरा झाला. आता पावसाची विंडो २०१६ वर सरकली आणि भूजलाची २०१५ वरच राहिली, तर चांगल्या पावसानंतरही विहिरी कोरड्याच राहिल्या असा निष्कर्ष पाहणारा काढील, आणि आलेखाच्या मथळ्यात वर्ष छापलेले नसेल तर ही चूक कुणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून पहिली दुरुस्ती कळांची नाहीच : प्रत्येक विंडोच्या मथळ्यात चालू वर्ष छापावे आणि ते प्रत्येक बदलाबरोबर नव्याने लिहावे.

तीन निरनिराळे 'चालू'

या सगळ्या गोंधळाचे मूळ असे, की 'आत्ता चालू असलेली विंडो' या एकाच गोष्टीबद्दल तीन ठिकाणी तीन उत्तरे असतात. पहिले उत्तर ऑपरेटिंग सिस्टिमचे : फोकस ज्या विंडोकडे आहे तिलाच कळ मिळते. दुसरे उत्तर पायप्लॉटचे, म्हणजे मॅटप्लॉटलिबमधील आलेख काढण्याच्या सोप्या आज्ञांच्या भागाचे : जीसीएफ हे फंक्शन जी आकृती (एका विंडोतला सगळा आलेख) परत देते ती पायप्लॉटच्या लेखी चालू आकृती असते. तिसरे उत्तर माउसच्या टोकाचे : कळ दाबली त्या क्षणी टोक ज्या अक्ष-चौकटीवर होते, तीच इव्हेंटच्या, म्हणजे कळ दाबल्याची माहिती आणणाऱ्या ऑब्जेक्टच्या, इनॲक्सेस या गुणधर्मात येते. एकच विंडो उघडी असते तेव्हा ही तिन्ही उत्तरे एकमेकांपासून फारशी दूर जात नाहीत आणि म्हणून एका विंडोवर तपासलेला प्रोग्रॅम निर्दोष वाटतो. दुसरी विंडो उघडली की ती फुटतात.

त्यांतही पायप्लॉटचे उत्तर कधी बदलते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. नवी आकृती तयार केली की ती चालू आकृती होते. म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना सर्वांत शेवटी तयार झालेली, आपल्या उदाहरणातील भूजलाची, आकृती चालू असते. त्यानंतर माउसचे बटण एखाद्या विंडोच्या आलेखक्षेत्रात दाबले, तर ती आकृती चालू होते. मात्र विंडोच्या शीर्षकपट्टीवर क्लिक केले, टास्कबारवरून विंडो पुढे आणली किंवा ऑल्ट आणि टॅब दाबून तिच्याकडे गेले, तर फोकस बदलतो पण पायप्लॉटची चालू आकृती बदलत नाही, कारण आलेखक्षेत्रात बटण दाबल्याची घटना घडलेलीच नसते. 'माझ्याकडे चालते, त्यांच्याकडे चालत नाही' याचे उत्तर बहुधा इथेच असते : एकाला आलेखावर क्लिक करून मग कळ दाबण्याची सवय असते, दुसरा टास्कबारवरून विंडो बदलतो.

म्हणून कॉलबॅकच्या, म्हणजे कळ दाबताच आपोआप चालणाऱ्या आपल्या फंक्शनच्या, आत जीसीएफ, जीसीए किंवा पायप्लॉटची प्लॉट, टायटल, ड्रॉ यांसारखी थेट फंक्शने वापरू नयेत. ही सगळी मनातल्या मनात चालू आकृतीच विचारतात. कळ कोणत्या विंडोत दाबली गेली ते इव्हेंट स्वतःबरोबर घेऊन येतो. कॅनव्हास म्हणजे विंडोतील आलेख रेखाटण्याचा पृष्ठभाग : इव्हेंट.कॅनव्हास.फिगर ही ती आकृती, आणि इव्हेंट.कॅनव्हास.ड्रॉ_आयडल हे तिचे पुनर्रेखन. विंडोची ओळख फक्त इव्हेंटकडूनच घ्यायची, एवढा नियम पाळला तर निम्म्याहून अधिक तक्रारी आपोआप मिटतात असे माझे मत आहे. मॅटलॅब या गणनाच्या प्रणालीतून आलेल्यांना हा नियम नवा वाटू नये : तिथेही कॉलबॅकला पहिला घटक म्हणून इव्हेंटचा स्रोत दिला जातो, आणि चालू आकृती विचारणाऱ्या जीसीएफबरोबरच, कॉलबॅक ज्या आकृतीतून निघाला ती सांगणारे जीसीबीएफ वेगळे ठेवलेले आहे.

दोष कोणता, हे लक्षणावरून ओळखणे

काहीही दुरुस्त करण्यापूर्वी कॉलबॅकची पहिली ओळ म्हणून इव्हेंट.की आणि इव्हेंट.कॅनव्हास.फिगर.नंबर टर्मिनलवर छापून घ्यावेत, प्रोग्रॅम टर्मिनलमधूनच चालवावा आणि प्रत्येक विंडोत आळीपाळीने तीच कळ दाबून पाहावी. कॉलबॅकमध्ये झालेली चूक आलेखाच्या विंडोत दिसत नाही. विंडो तशीच उभी राहते आणि चुकीचा सगळा मजकूर टर्मिनलवर उमटतो. डेस्कटॉपवरील चिन्हावर दुहेरी क्लिक करून प्रोग्रॅम उघडणाऱ्यांना तो मजकूर वाचायलाच मिळत नाही आणि 'कळ चालत नाही' एवढेच दिसते.

सर्व विंडोंत कळ घेतली जाते, आकृतीचे क्रमांकही बरोबर छापले जातात, पण बदल मात्र नेहमी शेवटच्याच विंडोत होतो, असे दिसले तर कारणे दोन संभवतात. एक म्हणजे वर सांगितलेले जीसीएफ. दुसरे म्हणजे लूपमध्ये लिहिलेला लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेले बिननावाचे फंक्शन : विंडोंवरून लूप फिरवताना कॉलबॅक म्हणून लॅम्डा दिला आणि त्यात लूपचाच चल वापरला, तर पायथन त्या चलाचे मूल्य लॅम्डा लिहिताना घेत नाही, तो चालतेवेळी घेतो, आणि तोवर लूप संपून चलात शेवटचे मूल्य बसलेले असते. या दोहोंतला फरक ओळखायला सोपा उपाय आहे. पहिल्या विंडोतील आलेखावर माउसने क्लिक करावे आणि मग कळ दाबावी. आता बदल योग्य विंडोत झाला तर दोष जीसीएफचा. अजूनही शेवटचीच विंडो बदलली तर दोष लॅम्डाचा. लॅम्डाच्या कंसात त्या चलाला डीफॉल्ट मूल्य म्हणून बांधून टाकले की मूल्य तिथल्या तिथे पक्के होते. त्याहून बरे म्हणजे लॅम्डा टाळून इव्हेंटकडूनच विंडो विचारावी.

याच्या उलट, पहिल्या दोन विंडोंत कळ दाबल्यावर टर्मिनलवर काहीच उमटत नसेल आणि फक्त शेवटची विंडो प्रतिसाद देत असेल, तर कॉलबॅक त्या दोन विंडोंना जोडलेलाच नाही किंवा जोडून सुटला आहे. कॉलबॅक जोडणारे एमपीएल_कनेक्ट हे एका कॅनव्हासचे काम आहे. सर्व विंडोंसाठी एकदाच जोडणी करण्याची सोय त्यात नाही, आणि ही ओळ लूपच्या बाहेर गेली तर ती शेवटच्या आकृतीलाच लागू होते. जोडून सुटण्याचा प्रकार मात्र फसवा आहे. कॉलबॅक म्हणून एखाद्या ऑब्जेक्टची मेथड दिली असेल, तर कॅनव्हास तिचा दुर्बळ संदर्भच जवळ ठेवतो, म्हणजे त्या ऑब्जेक्टला जिवंत ठेवण्याची जबाबदारी घेत नाही. प्रत्येक आलेखासाठी आलेख दाखवणाऱ्या क्लासचा एक ऑब्जेक्ट लूपमध्ये बनवला आणि तो दर वेळी एकाच चलात ठेवला, तर नवा ऑब्जेक्ट येताच जुना स्मृतीतून जातो आणि त्याच्याबरोबर त्याचा कॉलबॅकही जातो. पायप्लॉटने आकृती धरून ठेवलेली असल्यामुळे विंडो मात्र धडधाकट दिसत राहते. शेवटचा ऑब्जेक्ट चलात उरतो, म्हणून शेवटचीच विंडो चालते. उपाय एका ओळीचा आहे : सर्व ऑब्जेक्ट एका यादीत ठेवावेत आणि ती यादी प्रोग्रॅम संपेपर्यंत हाताशी राहू द्यावी. साध्या, स्वतंत्र फंक्शनांना ही अडचण येत नाही.

एका दाबात दोन वर्षे सरकत असतील तर कॉलबॅक दोनदा जोडला गेला आहे. आयपायथन या संवादी पायथनमध्ये तोच भाग पुन्हा चालवताना आकृती क्रमांक देऊन जुनीच विंडो वापरली, तर जुना कॉलबॅकही तिच्यावर शिल्लक असतो. तेच फंक्शन पुन्हा जोडले तर मॅटप्लॉटलिब त्याची दुसरी नोंद करत नाही, पण भाग पुन्हा चालवल्यावर नाव तेच राहूनही फंक्शन नवे बनते आणि दोन्ही नोंदी चालू राहतात. आकृती पुसून टाकणाऱ्या क्लियरने आलेख पुसले जातात, कॅनव्हासवरील जोडण्या जात नाहीत. एमपीएल_कनेक्ट जो क्रमांक परत देते तो जपून ठेवावा आणि पुन्हा जोडण्यापूर्वी एमपीएल_डिसकनेक्टला द्यावा. घाईत असाल तर सर्व विंडो बंद करून नव्याने सुरुवात करणेही चालते.

फोकस हिरावणारा पॉज

काही जण विंडो दाखवून त्या बंद होईपर्यंत थांबणारा शो वापरण्याऐवजी स्वतःच लूप चालवून प्रत्येक फेरीत पायप्लॉटचा पॉज वापरतात, विशेषतः नवी आकडेवारी येत राहणार असेल तेव्हा. अशा प्रोग्रॅममध्ये पावसाच्या विंडोत काम चालू असताना अचानक दुसरीच विंडो वर येते आणि पुढची कळ तिला मिळते. याचे कारण पॉजच्या आतच आहे. पॉज केवळ थांबत नाही. तो विंडो पुन्हा दाखवण्याची आज्ञाही देतो, आणि मूळ मांडणीत दाखवणे म्हणजे विंडो वर आणणेही असते. मॅटप्लॉटलिब ३.३ पासून आरसीपॅरॅम्स या मूळ मांडणीच्या नोंदींच्या यादीत 'फिगर.रेझ_विंडो' ही नोंद आहे. ती फॉल्स केली की विंडो उड्या मारणे थांबते. माझ्या मते याहून स्वच्छ मार्ग म्हणजे लूप टाळावा, कॅनव्हासचा टायमर वापरून आकडेवारी ताजी करावी आणि शेवटी एकदाच शो म्हणावे. वेटफॉरबटनप्रेस वापरणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी, की ते एकाच आकृतीकडे कान देऊन बसते. इतर विंडोंत कितीही कळा दाबल्या तरी प्रोग्रॅम पुढे सरकत नाही, आणि पायप्लॉटमार्फत वापरल्यास ती एक आकृती कोणती, हे पुन्हा जीसीएफच ठरवते.

आधीच कुणाच्या तरी मालकीच्या कळा

मॅटप्लॉटलिबच्या प्रत्येक विंडोला काही कळा जन्मतःच जोडलेल्या असतात, आणि आपला कॉलबॅक त्यांच्या जागी येत नाही, त्यांच्यासोबत चालतो. इंग्रजी एस दाबल्यास चित्र साठवण्याचा संवाद उघडतो, क्यू दाबल्यास विंडो बंद होते, जी दाबल्यास जाळी दिसते, एफ दाबल्यास विंडो पूर्ण पडदाभर होते, एल आणि के दाबल्यास अनुक्रमे उभा आणि आडवा अक्ष लॉगरिदमिक होतो. लातूरसाठी एल ही कळ ठेवणे सहज सुचते, पण तिने पावसाच्या आलेखाचा उभा अक्ष लॉगरिदमिक होतो आणि शून्य पावसाचे महिने आलेखातून नाहीसे होतात.

आपण निवडलेले डावे-उजवे बाणही मोकळे नाहीत. दृश्य मोठे करून पाहिल्याचा जो इतिहास टूलबार ठेवतो, त्यात मागे-पुढे जाण्यासाठी तेच बाण आहेत. त्यामुळे ज्या विंडोत कुणी आलेखाचा एखादा भाग मोठा करून पाहिला असेल, तिथे डावा बाण दाबताच वर्षही मागे जाते आणि मोठे केलेले दृश्यही मोडते. इतर विंडोंत तसे होत नाही, म्हणून हा प्रकार गूढ वाटतो. आरसीपॅरॅम्समधील 'कीमॅप' या नावाने सुरू होणाऱ्या नोंदींतून नको त्या कळा काढून टाकता येतात. मात्र यादीतून कळ काढण्याची ओळ दुसऱ्यांदा चालली तर, कळ आता यादीत नसल्यामुळे, ती चूक देते. म्हणून हवी ती यादी संपूर्णपणे नव्याने लिहिणे बरे. सगळ्याच जन्मजात कळा नको असतील तर प्रत्येक आकृतीच्या मॅनेजरकडील की_प्रेस_हँडलर_आयडी घेऊन तो डिसकनेक्ट करावा, आणि हे काम प्रत्येक विंडोसाठी वेगळे करावे लागते हे विसरू नये.

वर्ष बदलण्यासाठी मी पेजअप आणि पेजडाउन सुचवीन, कारण त्यांना मॅटप्लॉटलिबने कोणतेही काम दिलेले नाही. लहान लॅपटॉपवर त्यांसाठी एफएन कळ सोबत दाबावी लागते, ही त्यांची एकच अडचण. त्यांचा दुसरा फायदा आपल्याकडे विशेष उपयोगी आहे. कार्यालयांत आणि महाविद्यालयांत संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू असतो आणि अहवाल टंकून झाल्यावर तो इंग्रजीवर आणायचा राहून जातो. अशा वेळी एन लिहिलेली कळ दाबली तरी टीके बॅकएंडकडून (बॅकएंड म्हणजे प्रत्यक्ष विंडो उघडणारा भाग; टीके, क्यूटी हे त्याचे प्रकार) इव्हेंट.कीमध्ये 'ल' येतो, के दाबल्यास 'क' येतो, आणि प्रोग्रॅममधील तुलना जुळत नसल्यामुळे काहीच घडत नाही. सर्व विंडो एकदम मुक्या झाल्या आणि थोड्या वेळापूर्वी चालत होत्या, तर प्रोग्रॅम उघडण्याआधी टास्कबारवरील भाषेचे चिन्ह पाहावे. बाण, पेजअप, पेजडाउन, एस्केप या कळांवर भाषेचा परिणाम होत नाही. अक्षरे वापरायचीच असतील तर दोन्ही रूपे तपासावीत; आणि कॅप्स लॉकमुळे मोठे अक्षर येते, म्हणून तुलनेआधी ते लहान करून घ्यावे. काही कळा ओळखताच न आल्यास इव्हेंट.कीमध्ये नन, म्हणजे पायथनमधले 'काहीच नाही', येते, त्यासाठी आधीच एक अट असावी, अन्यथा लहान करण्याची तीच ओळ चूक देईल.

मांडणी कशी असावी

तिन्ही विंडोंसाठी चालू वर्ष एकाच ठिकाणी ठेवावे. प्रत्येक विंडोने आपले वेगळे वर्ष बाळगले तर ती कधीतरी एकमेकांपासून सुटणारच. कळ घेणारे फंक्शन एकच असावे आणि ते लूपमध्ये प्रत्येक आकृतीच्या कॅनव्हासला जोडावे. त्या फंक्शनने कळांचे दोन गट मानावेत. वर्ष बदलणाऱ्या कळा कोणत्याही विंडोत दाबल्या तरी चालतात : सामाईक वर्ष बदलायचे, तिन्ही आकृत्यांची आकडेवारी नव्याने भरायची आणि प्रत्येकीच्या कॅनव्हासवर ड्रॉ_आयडल म्हणायचे. केवळ इव्हेंटच्या कॅनव्हासवर पुनर्रेखन केले तर बाकीच्या दोन विंडोंतील आकडे आतून बदलतात, पण पडद्यावर, उदाहरणार्थ विंडोचा आकार बदलेपर्यंत, जुनेच चित्र दिसते. एकाच विंडोपुरत्या कळांसाठी, उदाहरणार्थ जलसाठा दशलक्ष घनमीटरमध्ये दाखवायचा की टक्क्यांत, आकृतीवरून तिचे स्वतःचे फंक्शन शोधून देणारी डिक्शनरी ठेवावी आणि तिला इव्हेंट.कॅनव्हास.फिगर ही किल्ली द्यावी.

ड्रॉऐवजी ड्रॉ_आयडल सांगण्याचे कारण कळ दाबून धरल्यावर कळते. दाबून धरलेली कळ एकामागून एक इव्हेंट पाठवत राहते. प्रत्येक इव्हेंटला तीन विंडो पूर्ण रेखाटायच्या ठरल्या तर इव्हेंट साचत जातात, आणि बोट उचलल्यावरही वर्षे आपली सरकतच राहतात. ड्रॉ_आयडल मधली रेखाटने गाळून सवड मिळेल तेव्हा एकदाच रेखाटते. प्रत्येक बदलाला आलेख पुसून नवा काढण्यापेक्षा असलेल्या रेषेचीच आकडेवारी बदलणे हेही इथे वेगाच्या दृष्टीने बरेच उपयोगी पडते.

एका विंडोत आठ जिल्ह्यांचे आठ लहान आलेख असतील आणि त्यांतील एकावरच कळ लागू करायची असेल, तर इव्हेंट.इनॲक्सेस कामी येते, पण ते माउसच्या टोकावर अवलंबून आहे. टोक दोन आलेखांमधल्या मोकळ्या जागेत असेल तर तिथे नन येते. केवळ कळफलकाने काम करणाऱ्यासाठी हे गैरसोयीचे आहे; त्यासाठी निवडलेला जिल्हा आपणच चलात ठेवावा, त्याची चौकट ठळक करावी आणि टॅबसारख्या कळेने पुढच्या जिल्ह्यावर जावे.

वापरणारा मधली एखादी विंडो बंद करतो, तेव्हा पुढच्या वर्षबदलाला प्रोग्रॅम बंद झालेल्या कॅनव्हासवर रेखाटण्याचा प्रयत्न करतो आणि काही बॅकएंडमध्ये तिथे चूक येते. म्हणून प्रत्येक आकृतीच्या क्लोज_इव्हेंटला एक लहान फंक्शन जोडून ती आकृती यादीतून आणि डिक्शनरीतून काढून टाकावी.

स्पायडर किंवा ज्युपिटर या पायथन लिहिण्या-चालवण्याच्या साधनांमध्ये आलेख स्वतंत्र विंडोत न उघडता पानातच उमटत असेल, तर तो इनलाइन बॅकएंडने काढलेले स्थिर चित्र असतो आणि त्याला कळ मिळण्याचा प्रश्नच येत नाही. स्पायडरच्या प्रेफरन्सेसमधील आयपायथन कन्सोलच्या ग्राफिक्स विभागात बॅकएंड ऑटोमॅटिक करून कन्सोल पुन्हा सुरू करावा; ज्युपिटरसाठी आयपीवायएमपीएल बसवावे. आलेख क्यूटीने स्वतः बनवलेल्या प्रोग्रॅमच्या विंडोत बसवला असेल, तर कॅनव्हासला सेटफोकसपॉलिसीने क्लिकफोकस किंवा स्ट्राँगफोकस द्यावा आणि विंडो उघडताच सेटफोकस म्हणावे. टीकेमध्ये हेच काम कॅनव्हासच्या विजेटवर फोकस_सेट म्हणून होते. पायप्लॉट स्वतः विंडो उघडतो तेव्हा ही व्यवस्था तोच करतो, त्यामुळे तिथे हे काम आपल्यावर येत नाही.